मथुराबाईंच्या छत्रीची चौथी बाजू

माझं काम काय, हे लोकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. गवंडी म्हटलं तर लोक स्वयंपाकघराचा ओटा करून द्याल का विचारतात. दगडाचं काम करतो म्हटलं तर पाट्याला टाकी लावून मागतात. आणि पुतळ्यांचं काम करतो, राहायला लालबागला, असं म्हटलं की समोरचा माणूस थेट गणपतीची ऑर्डर द्यायला लागतो. खरं काम असं आहे: मुंबईत जुन्या दगडी इमारती आहेत, पाणपोया आहेत, पुतळे आहेत, घड्याळांचे मनोरे आहेत. ऊन, खारं वारं, कबुतरं आणि माणसं या सगळ्यांचा त्यांना त्रास होतो. तो निस्तरणारा मी मिस्त्री. अडतीस वर्षं हेच केलं.

मला हे काम बाबू मिस्त्रींनी शिकवलं. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी मला त्यांच्या हवाली केलं होतं. पहिलं वर्षभर बाबू मिस्त्रींनी माझ्या हातात छिन्नी दिली नाही. ब्रश दिला, तोही दाढीचा. "आधी धुवायला शिक," म्हणायचे. "धुताना दगड कळतो." मालाडचा पिवळसर दगड मऊ असतो, त्याला जोरात घासलं की त्याची पापडी निघते. कुर्ल्याचा काळा दगड टणक, पण त्याच्या सांध्यात पाणी मुरतं. जुन्या सांध्यात सिमेंट भरायचं नाही, चुनाच भरायचा, कारण सिमेंट दगडाला श्वास घेऊ देत नाही. हे सगळं मी धुता धुता शिकलो.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. परळच्या एका मंडळाने जयंतीच्या आदल्या दिवशी आपल्या पुढाऱ्याच्या ब्राँझच्या पुतळ्याला सोनेरी ऑइलपेंट मारला. तो काढायला मला अकरा दिवस लागले. खालचा मूळ तपकिरी रंग दिसायला लागल्यावर मंडळाचे अध्यक्ष नाराज होऊन आले. "आमचे साहेब उजळ होते हो, मिस्त्री," म्हणाले. दुसरे एक सद्‌गृहस्थ दादरचे. एका वाचनालयात त्यांच्या आजोबांचा संगमरवरी अर्धपुतळा होता. आजोबांचं नाक असं बाकदार नव्हतं, शिल्पकाराने चूक केली आहे, तेवढं सरळ करून द्या, असं त्यांचं म्हणणं. खात्री पटावी म्हणून ते दोन भावांना आणि मुलीला घेऊन आले. चौघं ओळीने उभे राहिले आणि चौघांचीही नाकं हुबेहूब पुतळ्यासारखी. मी दगडाला हात लावला नाही. माझ्याच्याने हसू आवरेना म्हणून मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

पण हे सगळं सोडून आज सांगायचंय ते माझ्या शेवटच्या कामाविषयी. त्यात माझी मोठी चूक झाली होती.

गिरगावात एका नाक्यावर मथुराबाईंची छत्री आहे. मथुराबाई डॉक्टर होत्या. ज्या काळात बायका बाळंतपणाला दवाखान्यात जायला घाबरायच्या, त्या काळात त्या चाळीचाळीत फिरून बाळंतपणं करायच्या. त्या गेल्यावर आसपासच्या लोकांनी त्यांचं स्मारक बांधलं. छातीइतका उंच चौकोनी दगडी चौथरा, त्यावर चार खांब आणि घुमट, घुमटाखाली बाईंचा संगमरवरी अर्धपुतळा. चौथऱ्याच्या पुढच्या बाजूला गोमुख आणि त्यातून पिण्याचं पाणी. नाक्यावरच्या बायकांनी आपणहून एक रीत पाडली होती. बारशाच्या दिवशी बाळाला तिथे आणायचं आणि गोमुखाचं थेंबभर पाणी त्याच्या कपाळाला लावायचं. बाळाचा फोटो काढायचा तोही तिथेच.

जमिनीखालच्या रेल्वेचं काम निघालं आणि छत्री मधे आली. ती उतरवून ठेवायची आणि काम झाल्यावर परत उभी करायची असं ठरलं. उतरवायचं काम माझ्याकडे आलं. नाक्यावर गर्दी जमली. समोरच्या चाळीत राहणारे निवृत्त शिक्षक कर्णिक सर माझ्याजवळ आले. "गेलेली वस्तू परत येत नाही हो या शहरात," म्हणाले.

"सर, मी दगडाला नंबर घालतोय," मी म्हटलं. "जशीच्या तशी आणून देतो."

सगळ्यांसमोर बोललो होतो.

नंबर घालणं म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक दगडावर खूण करायची. पू-तीन-दोन म्हणजे पूर्वेची बाजू, खालून तिसरा थर, डावीकडून दुसरा दगड. जुने दगड हाताने घडवलेले असतात, दिसायला सारखे, पण प्रत्येक दगड फक्त आपल्या जागी बसतो. इकडचा तिकडे लावला तर सांधा फाकतो. खूण दोनदा करायची असते. एकदा वर गेरूने, कारण गेरू दगडाला डाग पाडत नाही. आणि एकदा सांध्याच्या आतल्या अंगाला, छिन्नीच्या टोकाने, कायमची. मी गेरूची खूण केली. छिन्नीची केली नाही. रस्ता लवकर मोकळा करा म्हणून मागे तगादा होता हे खरं, पण बाबू मिस्त्री असते तर तगादा लावणाऱ्यांना त्यांनी बसवून ठेवलं असतं.

दगड रे रोडला एका गोदामात गेले. लाकडाच्या वखारींच्या मागे, पत्र्याचं छप्पर. बाईंचा पुतळा गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. काम लांबत गेलं, वर्षं गेली. मधे एका वादळात छपराचे पत्रे उडाले आणि ते कुणी मला कळवलंही नाही. छत्री परत उभी करायचा कागद आला तेव्हा मी गोदामात गेलो. दगड होते सगळे. एकशे चौसष्ट. पावसाने धुऊन स्वच्छ झालेले. एकावरही खूण नव्हती.

उतरवताना काढलेला नंबरांचा नकाशा मी मागवला. रेल्वेच्या ऑफिसची जागा दोनदा बदलली होती, त्यात फाइल गहाळ. सापडलं ते फक्त पुढच्या बाजूचं एक चित्र.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती कुडाळची. माझी कामातली रड तिने कधी मनावर घेतली नव्हती, पण त्या दिवशी जेवायचं ताट तसंच राहिलेलं बघून जवळ बसली. "तुमी नाय म्हणान सांगा," म्हणाली. "वय झाला, जमणा नाय म्हणा. कोण काय करतला?" कोणी काहीच करणार नव्हतं, तेच तर वाईट होतं.

कामावर आर्किटेक्ट होत्या देवयानी सबनीस. वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोलायला स्पष्ट. त्यांना मी झालं ते सगळं सांगितलं, छिन्नीच्या खुणेसकट. त्या रागावल्या नाहीत. मग आठवडाभराने बैठक झाली. ठेकेदाराच्या इंजिनियरने सरळ तोडगा काढला: फायबरचा पुतळा, स्टीलचा स्टँड, खाली दिवे. दगड भरावाला जातील.

सबनीस मॅडम माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, तुम्हाला जुळवता येईल?"

"येईल," मी म्हटलं. कसं ते मला ठाऊक नव्हतं.

"तीन महिने द्या आम्हाला," त्या बैठकीला म्हणाल्या. "चौथरा गोदामात जमिनीवर जुळवून दाखवू. नाही जमलं तर तुमचं फायबर."

घुमट आणि खांब सोपे होते. त्यांच्या दगडांना वळण असतं, वळणावरून जागा कळते. खरा घोळ चौथऱ्याचा. मी सगळ्यात आधी कर्णिक सरांच्या दारात गेलो, झालेली चूक सांगायला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाटातून अल्बम काढला. त्यांच्या मुलाच्या बारशाचा फोटो. बाळ, बाळाची आत्या, आणि मागे चौथऱ्याची पूर्वेची बाजू. फोटो काळापांढरा, पण दगडांचे सांधे स्पष्ट दिसत होते. एका दगडावरची शीर, दुसऱ्याचा उडालेला कोपरा.

"मिस्त्री, असे फोटो या नाक्यावरच्या घरोघरी असतील," सर म्हणाले. "फक्त घरं आता इथे नाहीत."

सरांच्या जुन्या शेजाऱ्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होता. सरांनी त्यावर निरोप टाकला. पुढचे पंधरा दिवस माझा फोन वाजत राहिला. विरारहून, डोंबिवलीहून, बदलापूरहून फोटो आले. एक बाई अमेरिकेतून म्हणाल्या, "फोटोत मी रडतेय, चालेल ना?" कुणाचं बारसं, कुणाची मुंज, कुणी नवी सायकल घेऊन उभा. मी माणसांच्या मागचे दगड बघत होतो. चार पिढ्यांची बाळं माझ्या टेबलावर पसरली होती आणि मी त्यांच्या डोक्यांच्या आड काय लपलंय ते भिंगातून शोधत होतो. सबनीस मॅडमनी फोटो मोठे करून भिंतीला लावले. एकेक दगड ओळखू यायला लागला. पुढची बाजू झाली, पूर्व झाली, पश्चिम झाली.

मागची बाजू राहिली. तिचा एकही फोटो नव्हता. ती बाजू एका बंद इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून होती, मधे माणूस बसेल एवढाच बोळ. तिथे उभं राहून कोण फोटो काढणार? त्या बाजूला नक्षी नाही, काही नाही. अठ्ठावीस साधे दगड. मी ते आठ दिवस उलटसुलट लावून पाहिले. दर वेळी कुठेतरी सांधा फाकायचा.

एका संध्याकाळी मी भिंतीवरचे फोटो पुन्हा एकेक बघत होतो. पश्चिमेच्या बाजूच्या एका फोटोत कडेला, अगदी कापल्यासारखं, काहीतरी दिसलं. हिरव्या बांगड्यांचा हात, कोपरापर्यंत, आणि टोपलीचा काठ. दुसऱ्या एका फोटोत, पुष्कळ वर्षांनंतरच्या, तीच टोपली. तोच हात असावा. आणि मला आठवलं. मागच्या बोळात एक कोळीण बसायची. सावलीला, चौथऱ्याला टेकून. नाक्यावर काम असलं की मी स्वतः तिच्याकडून बोंबील घेतले होते. छत्री उतरवली त्या दिवशी तिने टोपली उचलली आणि बाजूला झाली. मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. तिचं नावही मला ठाऊक नव्हतं.

नाव कर्णिक सरांच्या सूनबाईंना माहीत होतं. हिराबाई, कफ परेडच्या मच्छीमार नगरातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो. वाळत घातलेल्या जवळ्याच्या बाजूने, होड्या दुरुस्त करणाऱ्यांना विचारत विचारत घर सापडलं. हिराबाई दारातच बसली होती. केस पांढरे झालेले, त्यात अबोलीचा छोटा गजरा.

"ओळखलं काय, मावशी?"

"बोंबीलवाला," ती म्हणाली. "मिस्त्री. माझी जागा तोडली तो."

मी खाली बसलो. तिला सगळं सांगितलं. खुणा धुऊन गेल्या, फोटो मिळाले, मागची बाजू जुळत नाही. "यात माझं काय काम?" असं तिने मधे एकदाही विचारलं नाही. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाली, "मना काय दगडाचं कळतंय? पण बत्तीस वर्सं टेकून बसली मी त्याला. चल, बघते."

सबनीस मॅडमनी गाडी पाठवली. गोदामात आल्यावर हिराबाई आधी कोपऱ्यात गेली. बाईंच्या पुतळ्यावरचं गोणपाट तिने चेहऱ्यापुरतं बाजूला केलं, हात जोडले आणि पुन्हा नीट झाकलं. मग अठ्ठावीस दगडांच्या भोवती हळूहळू फिरली. मी चहा मागवला तर नको म्हणाली.

एका कोपऱ्याच्या दगडापाशी थांबली. त्याच्या कडेला बोटभर लांबीच्या चार-पाच खोल रेघा होत्या. मी त्या कुणा वात्रटाने मारल्या असतील असं धरून चाललो होतो. "हितं मी कोयती घासायची," ती म्हणाली. "उजव्या हाताला. वर नाय, खाली. बसून हात पोचंल हितं."

पश्चिमेचा कोपरा, खालून दुसरा थर. मी गेरूने खूण केली. आणि या वेळी लगेच छिन्नीनेही केली.

तळाच्या थराचे दगड तिने पायानेच दाखवले. त्यांच्यावर पांढरी पूड धरली होती, पृष्ठभाग सुटत होता. आम्ही त्याला लोणा म्हणतो. मिठाच्या पाण्याने येतो. "बर्फाचं पाणी तिकडं सोडायची मी," ती म्हणाली आणि जरा ओशाळली. "खराब झालं काय रे?"

"थोडं," मी म्हटलं. त्याच पांढऱ्या पुडीमुळे सात दगडांची जागा नक्की झाली, हेही सांगितलं.

एक दगड मात्र मी बाजूला काढून ठेवला होता. त्याच्या मधोमध ताटलीएवढा काळा, गुळगुळीत डाग होता. गाड्यांच्या धुराचा असणार म्हणून त्याला माती-कागदाचा लेप लावून तो शोषून काढायचं मी ठरवलं होतं. लेप भिजत घातलेला होता. हिराबाई त्या दगडापाशी आली, वाकली, डागावर हात फिरवला.

"ह्यो माझ्या डोक्याचा," ती म्हणाली.

दुपारचं गिऱ्हाईक नसलं की ती डोकं मागे टेकून डोळे मिटायची. बत्तीस वर्षं, केसांना लावलेलं खोबरेल. मी लेपाची बादली तिथून उचलून बाहेर नेऊन ठेवली.

मग आम्ही दगड रचायला घेतले. चुना न लावता, नुसते एकावर एक. तिच्यासाठी खोका उलटा ठेवला. थर चढले की ती खोक्यावर बसायची, पाठ लावायची आणि सांगायची. "नाय. हा टोचतो." आम्ही दगड बदलायचो. "आता हाय. आता बसला." तीन दिवस ती येत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी डोक्याचा दगड चौथ्या थरात मधे बसवला. सांधे तपासले. कुठेही फट नव्हती. हिराबाईने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. सबनीस मॅडम खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

फायबरचा विषय संपला. पावसाळ्यानंतर आम्ही नाक्यावर छत्री उभी केली, मूळ जागेपासून पाच पावलं अलीकडे, त्याच भिंतीला धरून. उद्‌घाटन झालं. पाहुण्यांची भाषणं झाली. कर्णिक सर काठी टेकत आले, चारी बाजूंनी फिरले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. हिराबाईला बोलावणं होतं. ती आली, शेवटच्या रांगेत बसली. भाषणात तिचं नाव कुणी घेतलं नाही. मॅडमनी यादीत लिहून दिलं होतं, वाचणाऱ्याने गाळलं.

खरी गोष्ट मला आठ दिवसांनी कळली. छत्रीला चारी बाजूंनी लोखंडी कठडा बसणार होता. नकाशात तो पहिल्यापासून होता. त्या नकाशावर माझीही सही होती, नीट न बघता केलेली. पुढच्या बाजूला गोमुखासाठी फाटक ठेवलं होतं, मागे काही नव्हतं. ज्या बाईने चौथी बाजू परत दिली, तिलाच त्या बाजूला बसता येणार नव्हतं.

मी मॅडमकडे गेलो. त्यांनी नकाशा पुढ्यात घेतला.

"मिस्त्री, खरं सांगा. ती पुन्हा बसली तर दगडाला त्रास होईल की नाही?"

"होईल," मी म्हटलं. अडतीस वर्षं ज्याच्यासाठी लोकांशी भांडलो त्याच्या विरुद्ध बोलत होतो. "मीठ मुरेल. पाच-दहा वर्षांनी तळाचा थर पुन्हा दुरुस्त करावा लागेल."

"मग?"

"मग करावा. करणारे मिळतील."

मॅडमनी पेन्सिल घेतली, थोडा विचार केला आणि नकाशावर लिहिलं: मागील बाजू देखभालीसाठी मोकळी ठेवावी. कठडा तीन बाजूंनीच बसला. नकाशावर काय लिहिलंय ते मी हिराबाईला जाऊन सांगितलं.

मी त्या महिन्यात निवृत्त झालो. आता गिरगावात फारसं जाणं होत नाही. मधे एकदा दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो, येताना मुद्दाम नाक्यावरून आलो. हिराबाई बोळात बसली होती. रोज नाही येत, गुडघे दुखतात, आठवड्यातून दोन दिवस. टोपलीखाली प्लॅस्टिकची परात होती, बर्फाचं पाणी त्यात जमत होतं. तिच्यासमोर एक गणवेशातला तरुण वही घेऊन उभा होता. स्मारकाजवळ बसायला मनाई आहे, तुम्ही इथे कशा, असं तो विचारत होता.

हिराबाईने टोपलीतले बोंबील सारखे केले. वर बघितलं नाही.

"देखभालीला हाय मी," ती म्हणाली.

त्याने कठडा नसलेल्या त्या बाजूकडे पाहिलं, तिच्या डोक्यामागच्या दगडाकडे पाहिलं, वही मिटली आणि पुढे गेला. मी अर्धा डझन बोंबील घेतले.